पाळणा थांबला, तरी ताट रिकामंच का?

मी कळसची. गेल्या वर्षी आमच्या इंदापूर तालुक्यातल्या एका ग्रामसभेत गाव विकास आराखड्याचं वाचन चालू होतं. सिमेंटचा रस्ता, पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट दिवे, कमान. मी उठून विचारलं, "यात कुपोषित लेकरांसाठी काय आहे?" पुढच्या खुर्चीवरचे एक बागायतदार म्हणाले, "ताई, तुमच्या वस्तीत पोरं जास्त, म्हणून कुपोषण. आधी पाळणा थांबवा." सभा हसली. आमच्या वस्तीतल्या बायका मान खाली घालून बसल्या. त्या हसण्याला हे उत्तर आहे.

मित्रांनो, आधी आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 1.9 मुलं होती. 2019-21 मध्ये ती 1.7 झाली. म्हणजे पाळणा केव्हाच थांबला आहे. मग लेकरं सुधारली का? पाच वर्षांखालील कमी वजनाची बालकं तेव्हा 36.0 टक्के होती, नंतर 36.1 टक्के. उंची खुंटलेली 34.4 वरून 35.2 टक्क्यांवर गेली. रक्त कमी असलेल्या बायका 48 वरून 54 टक्क्यांवर गेल्या. पोरं कमी झाली आणि उपास तेवढाच राहिला. मग दोष पोरांच्या संख्येचा की ताटाचा?

कोणी म्हणेल, म्हणजे तुमचा कुटुंबनियोजनाला विरोध आहे का? अजिबात नाही. या देशात हा विषय विधिमंडळात मांडण्याचं धाडस आमच्याच बापाने केलं. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तो बाबासाहेबांनी तयार केलेला होता. सभागृहाने तो फेटाळला. त्याआधी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार बाईला बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून बाबासाहेब बोलले होते. हे दोन्ही एकत्र वाचा. संततिनियमन हवं ते बाईच्या जिवासाठी, आणि बाळंतपण झालंच तर तिची जबाबदारी समाजाने आणि सरकारने घ्यायची. गरिबाला दोषी ठरवण्यासाठी बाबासाहेबांनी हा विषय मांडला नव्हता.

आजचं धोरण नेमकं उलटं आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. किती मुलं व्हावीत हे जिच्या हातात कधीच नव्हतं, ती आमची बाईच आरक्षित जागेवरून बाहेर पडते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपयांचा हक्क दिला. 2017 च्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या मुलापुरता 5000 वर आणला, आणि पुढे दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच पैसे. म्हणजे दुसरा मुलगा पोटात असलेल्या मजूर बाईला भूक लागत नाही का?

शाळेतल्या अंड्याचंही तेच. 2023 च्या शेवटी पोषण आहारात अंडं आलं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा निधी बंद केला आणि शाळांना लोकवर्गणी काढायला सांगितलं. ज्या वस्तीतल्या पोराला अंड्याची गरज आहे, ती वस्ती वर्गणी कुठून देणार?

आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात नीरेचा कालवा आहे, उजनीचं पाणी आहे, साखर कारखाने आहेत. या भागाला विकासाचं मॉडेल म्हणतात. हंगामात याच उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात. बाई पहाटे कोयत्यावर जाते, मूल पाचटावर झोपतं. तिचं नाव तिच्या गावच्या अंगणवाडीत, मूल इथे. वजन कुठेच होत नाही. आराखड्यात तर ते मूल जन्मलेलंच नाही. पाणी उसाला मिळतं, ऊस तोडणारीच्या लेकराला दूध मिळत नाही. याला लोकसंख्येचा प्रश्न म्हणायचं की वाटपाचा?

म्हणून पुढच्या ग्रामसभेला रिकाम्या हाताने जाऊ नका. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले महिला व बालकल्याणाचे 10 टक्के आणि मागासवर्गीयांचे 15 टक्के कशावर खर्च झाले, ते लेखी मागा. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा हिशोब फलकावर लावायला सांगा. त्या समितीवर कोण आहे हे गावात किती जणांना माहीत आहे, तेही विचारा. कोप्यांवरच्या प्रत्येक मुलाचं नाव अंगणवाडीच्या यादीत घ्यायला लावा. शाळेतलं अंडं ग्रामनिधीतून द्या, असा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहिल्याशिवाय उठू नका.

आणि कोणी पुन्हा "आधी पाळणा थांबवा" म्हणालं, तर मान खाली घालू नका. 1.7 हा आकडा सांगा आणि विचारा, "पाळणा थांबला साहेब, आता ताट कधी भरणार?"

जयभीम!