जुन्या युद्धवाहनांचा जीर्णोद्धार : छंद कीं सत्यशोधन ?

मनुष्यास पोटाच्या उद्योगावांचून एखादा निरुपद्रवी छंद असावा, याविषयीं सुज्ञांमध्यें मतभेद नाहीं. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं, कोणी आपल्या बागेंत रमतो. परंतु जगांत असेहि कांहीं छांदिष्ट लोक आहेत कीं, जे दुसऱ्या महायुद्धांतील गंजलेल्या मोटारी, लष्करी ट्रक व रणगाडे शोधून काढतात, त्यांचा पूर्वेतिहास धुंडाळतात, आणि वर्षानुवर्षें खपून तीं वाहनें पुन्हां चालतीं करितात. हें ऐकून पुष्कळ भाविक माणसांच्या कपाळास आठ्या पडतात. ज्या शाळेंत दररोज सकाळीं शांतीकरितां प्रार्थना होते, तिच्या वार्षिकांत तोफा मिरविणाऱ्या गाड्यांची वाखाणणी कशाला, असें पालकांस वाटणें स्वाभाविक आहे. या आक्षेपाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु. माझें मत थोडक्यांत असें कीं, हा छंद सत्यशोधनाचा असेल तर तो स्तुत्य आहे. केवळ लोखंडाच्या झगमगाटाचा असेल तर पोकळ आहे. आणि खोट्या इतिहासाचा असेल तर खचित निंद्य आहे.

प्रथम या छंदाचें स्वरूप पाहूं. त्यांतील सर्वांत परिचित उदाहरण जीप गाडीचें. इ. स. १९४० मध्यें अमेरिकन लष्करास चारहि चाकांस गति मिळणारी एक हलकी गाडी हवी होती. बॅन्टम् नांवाच्या लहानशा कंपनीनें पहिला नमुना त्या वर्षाच्या सप्टेंबरांत करून दिला; पुढें विलिस व फोर्ड या दोन कंपन्यांनीं युद्ध संपेपर्यंत मिळून सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्धानंतर त्यांतील पुष्कळ गाड्या विकल्या गेल्या, शेतांवर राबल्या, आणि शेवटीं भंगारांत पडल्या. मुंबईंत महिंद्र कंपनीनेंहि युद्धोत्तर काळांत जीप जुळविण्यास आरंभ केला. त्यामुळें आपल्या खेड्यापाड्यांसहि ही गाडी अनोळखी राहिली नाहीं.

अशी एखादी गंजकी जीप हातीं आली म्हणजे खरा शौकीन प्रथम पाना उचलीत नाहीं. तो वही उचलतो. ही गाडी विलिसची कीं फोर्डची ? दोहोंचा आराखडा एकच, सुटे भागहि एकमेकांत बसणारे. मग ओळखावें कसें? तर रेडिएटरच्या खालीं सांगाड्यास जो आडवा दांडा असतो, तो विलिसच्या गाडींत गोल नळीचा व फोर्डच्या गाडींत पालथ्या पन्हळीसारखा असतो. फोर्डनें आपल्या लहानमोठ्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरदेखील, 'एफ्' हें रोमन अक्षर उठविलें होतें. पुढील जाळीहि साक्ष देते : आरंभीच्या विलिस गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या सांधून केलेली असे, पुढें फोर्डची पत्र्यांतून दाबून काढलेली जाळी दोन्हीं कारखान्यांत रूढ झाली. बॉनेटवरील रंगाचे थर हलक्या हातानें एकामागून एक घासले म्हणजे कधीं कधीं खालून लष्करी नोंदणीचा आंकडा डोकावतो. अमेरिकन जीपचा हा आंकडा २० नें सुरू होई. मग लष्कराचें त्या वेळचें दुरुस्तीचें पुस्तक, जुनीं छायाचित्रें, पलटणींच्या रोजनिशा व वृद्ध मिस्त्र्यांच्या आठवणी, या सर्वांशीं तो आंकडा ताडून पाहावयाचा. वकिलानें जसा पुरावा जमवावा, तसें हें काम आहे.

येथेंच मोह आडवा येतो. समजा, सहा महिने धुंडाळल्यावर कळलें कीं, आपली जीप रणांगणावर कधीं गेलीच नाहीं. ती सारा काळ एखाद्या कोठारांतून पीठ व बटाटे वाहत होती. तिच्यावर एखाद्या प्रख्यात पलटणीचें चिन्ह रंगविलें तर पाहणारे वाहवा करतील, किंमतहि वाढेल, आणि लबाडी पकडणारा बहुधा कोणी भेटणार नाहीं. 'अमक्या पलटणीच्या गाडीचा हा नमुना आहे' असें उघडपणें पाटीवर लिहून रंग दिला तर त्यांत दोष नाहीं. परंतु ती पाटी गाळली कीं तीच गोष्ट खोटी साक्ष होते. साक्षीदार लोखंडाचा आहे एवढ्यानें आज्ञा शिथिल होत नाहीं. शिवाय पीठ वाहणाऱ्या गाडीनेंहि सैन्य जगविलेंच. तिची खरी कहाणी उसन्या शौर्यकथेहून अधिक मानाची आहे.

या बाबतींत इंग्लंडांतील बॉव्हिंग्टन येथील रणगाडा-संग्रहालयांत असलेल्या 'टायगर १३१' नांवाच्या जर्मन रणगाड्याची हकीकत बोधप्रद आहे. सुमारें ५७ टन वजनाचा हा रणगाडा एप्रिल १९४३ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील ट्युनिसियांत ब्रिटिश सैन्याच्या हातीं लागला. एका ब्रिटिश रणगाड्याचा गोळा त्याच्या बुरुजाच्या बुडाशीं रुतल्यामुळें बुरूज फिरेनासा झाला, आणि आंतील शिपाई तो टाकून निघून गेले. ट्युनिस येथें बादशहा सहावे जॉर्ज व पंतप्रधान चर्चिल यांनीं तो पाहिला. पुढें त्याच वर्षीं तो इंग्लंडांत आणून त्याची कसून तपासणी करण्यांत आली, आणि १९५१ मध्यें तो संग्रहालयास मिळाला. १९९० मध्यें त्याचा जीर्णोद्धार हातीं घेण्यांत आला. त्याचे बहुतेक सारे भाग सुटे करून पाहण्यांत आले, आणि डिसेंबर २००३ मध्यें तो चालता होऊन संग्रहालयांत परतला.

त्यांतील दोन गोष्टी मला विशेष वाटतात. पहिली इंजिनाची. मूळ इंजिन आंतील रचना लोकांस दिसावी म्हणून कापून मांडलेलें होतें. तें पुन्हां चालणें शक्य नव्हतें. तेव्हां त्याच संग्रहालयांतील दुसऱ्या, त्याहून मोठ्या जर्मन रणगाड्याचें इंजिन त्यांत बसविलें, आणि आग विझविण्याची आधुनिक योजना जोडली. हा फेरफार झांकून न ठेवतां जाहीरपणें सांगितला जातो. जुनें किती व नवें किती याचा हिशेब चोख असला म्हणजे नव्याची लाज बाळगण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट तारखेची. पुष्कळ वर्षें असें मानलें जाई कीं, हा रणगाडा २१ एप्रिल १९४३ रोजीं जेबेल जफ्फा नांवाच्या टेकडीजवळ सांपडला. परंतु त्या मोहिमेंत लढलेल्या एका पायदळी शिपायाच्या मुलास, वडिलांच्या तोंडून ऐकलेली हकीकत व छापील इतिहास यांचा मेळ बसेना. तो कांहीं पदवीधर इतिहासकार नव्हे. तरी त्यानें चिकाटीनें शोध चालविला. कागदपत्रें व छायाचित्रें पडताळल्यावर असें दिसून आलें कीं, रणगाडा २४ एप्रिल रोजीं गेरियात एल् अताश या दुसऱ्याच टेकडीवर हातीं लागला होता. आणि संग्रहालयानें आपला जुना वृत्तांत बदलला. तीन दिवसांचा तो फरक काय, असें कोणी म्हणेल. पण त्या टेकडीवर जे तरुण कामास आले, त्यांच्या घरच्यांस तो क्षुद्र नाहीं. सामान्य मनुष्यानें सविनय विचारलेल्या प्रश्नापुढें प्रतिष्ठित संस्थेनें मान लववावी, यांत दोघांचाहि गौरव आहे.

सत्यशोधनास हात घातला म्हणजे नावडतें सत्यहि पत्करावें लागतें. टायगरचें जाड चिलखत व लांब तोफ पाहून मुलांचे डोळे दिपतात. परंतु हे रणगाडे सुमारें १,३५० च बांधले गेले. ते वारंवार नादुरुस्त होत व पेट्रोल अमाप पीत. कासेल शहरीं ज्या हेन्शेल कंपनीच्या कारखान्यांत ते तयार होत, तेथें परदेशांतून सक्तीनें आणलेले मजूर राबविले जात. ज्या राजवटीकरितां ते लढले, तिनें सुमारें साठ लक्ष यहुदी लोकांचा संहार केला. हें सारें गाळून केवळ पोलादाची जाडी पाठ म्हणणारा शौकीन ज्ञानी नव्हे. तो मूर्तीपुढें दिवा लावणारा आहे, मग ती मूर्ति चाकांची कां असेना.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं. यशया संदेष्ट्यानें शस्त्रें वितळून त्यांचीं शेतीचीं अवजारें होण्याचें जें चित्र रंगविलें, तें आपणां सर्वांस प्रिय आहे. मग उरलेले रणगाडेहि भट्टींत कां घालूं नयेत ? माझें उत्तर असें कीं, बहुतेक रणगाडे भट्टींत गेलेच आहेत, व गेले तें बरेंच झालें. जे थोडे उरले, ते आतां शस्त्रें राहिले नसून साक्षीदार झाले आहेत. युद्ध पुस्तकांत वाचणाऱ्या मुलास तें गोष्टीसारखें वाटतें. परंतु जाड पोलादास गोळ्यानें पाडलेलें भोंक बोटानें चांचपून पाहणाऱ्यास, आंत बसलेल्या माणसाचें काय झालें असेल, हा प्रश्न सुचल्यावांचून राहत नाहीं. शांतीची प्रार्थना त्या प्रश्नानंतर अधिक कळकळीनें होते.

असे साक्षीदार पाहण्यास इंग्लंडास जाण्याचें कारण नाहीं. अमेरिकन मिशननें १८३१ पासून ज्या अहमदनगरास कार्य केलें, व ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, तेथेंच चिलखती दळाचें रणगाडा-संग्रहालय १९९४ पासून आहे. जुन्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून १९६५ च्या युद्धांतील पॅटन रणगाड्यापर्यंत अनेक वाहनें तेथें मांडलेलीं आहेत. पॅटनपुढें उभें राहिल्यावर मुलांनीं एका मनुष्याची आठवण अवश्य करावी. उत्तर प्रदेशांतील धामूपूर गांवच्या शिंप्याच्या घरांतील अब्दुल हमीद, चौथ्या ग्रेनेडियर पलटणींतील हवालदार, यानें सप्टेंबर १९६५ मध्यें पंजाबांतील खेमकरण भागांत उघड्या जीपवर बसविलेल्या तोफेनें असे अनेक रणगाडे फोडले व तेथेंच देह ठेवला. त्यास मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. चिलखत कोणाचें जाड होतें हें सांगून त्या दिवसाची गोष्ट पुरी होत नाहीं. जीपला चिलखतच नव्हतें. आणि पॅटनच्या आंत जे जळाले, तेहि कोणा मातेचे पुत्र होते, हेंहि त्याच श्वासांत म्हटलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणाच्या अंगणांत रणगाडा येणार नाहीं, व येऊंहि नये. परंतु या छंदाची रीत तुम्हांस घरींच शिकतां येईल. माळ्यावर पडलेली आजोबांची सायकल किंवा आजीचें शिवणयंत्र खालीं उतरवा. त्यावरील आंकडा टिपून घ्या. एकहि स्क्रू काढण्यापूर्वीं सर्व बाजूंनीं छायाचित्र घ्या. काढलेला प्रत्येक भाग डबींत घालून वर चिठ्ठी लावा. जो भाग नवा घालाल त्याची नोंद ठेवा. तें कोणी, केव्हां, कोणत्या पैशानें आणलें, हें घरांतील वडील माणसांस विचारा. कोणाचे पणजोबा पलटणींत असतील तर त्यांचीं पत्रें व पदकें जपून ठेवा. मात्र जुनें काडतूस अथवा गोळा कोठें दिसला तर त्यास हात न लावतां पोलिसांस कळवा. गंजलेली दारू मेलेली नसते.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी हात काळे करून घरीं आलीं म्हणजे लगेच रागावूं नका. 'हें भंगार कशास आणलें' असें म्हणण्यापूर्वीं 'हें कोणाचें होतें' असें विचारा. पहिल्या प्रश्नानें मूल गप्प बसतें. दुसऱ्यानें तें शोधास लागतें. गंज काढण्यास श्रम पडतात, परंतु खोटा रंग काढण्यास श्रमाबरोबर धैर्यहि लागतें. जें मूल एका जुन्या यंत्राविषयीं खोटें बोलण्याचें नाकारील, तें पुढें माणसांविषयींहि खरें बोलेल, असा माझा विश्वास आहे. आणि शाळेनें याहून अधिक काय शिकवावयाचें असतें?