सांगणाऱ्याची तीस वर्षे

'चॅलेंजर' हे अवकाशयान कोसळले त्याला ४० वर्षे झाली. २८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून झेपावले आणि ७३ सेकंदांत त्याच्या चिंधड्या झाल्या. आत सात जण होते. त्यांतल्या क्रिस्टा मॅकऑलिफ या शाळेतल्या बाई. त्यांचे विद्यार्थी शाळेत दूरचित्रवाणीसमोर बसून ते उड्डाण पाहत होते. या सातांचे स्मरण जगभर होते, आणि ते व्हायलाच हवे. आम्हांला मात्र आज त्यांच्याबरोबरच एका अभियंत्याची आठवण काढायची आहे. त्याने आदल्या दिवशीच धोका सांगितला होता, आणि पुढची ३० वर्षे तोच स्वतःला दोषी मानत राहिला.

बॉब एबलिंग यूटा राज्यातल्या ब्रिगहॅम सिटी या छोट्या गावात राहत. यानाला वर ढकलणारे घन इंधनाचे दोन मोठे अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल या कंपनीत ते अभियंता होते. पत्नी डार्लीन, मुली, चर्च आणि नोकरी असा सरळ संसार. एक मुलगी त्याच कंपनीत कामाला होती. कामावरची काळजी या माणसाने कधी कंपनीच्या फाटकापाशी ठेवली नाही; ती त्यांच्याबरोबर घरी येत असे. म्हणूनच जी गोष्ट देशाला तीन आठवड्यांनी कळली, ती एबलिंगांच्या घराला आदल्या रात्रीच ठाऊक होती.

हे अग्निबाण अखंड नसत. त्यांचे भाग कारखान्यात बनत आणि उड्डाणाच्या जागी एकमेकांत बसवले जात. प्रत्येक सांध्यात रबराच्या दोन कड्या असत, प्रत्येकीची जाडी जेमतेम सात मिलिमीटर. कुकरच्या झाकणाचे रबर कडक झाले की वाफ कडेने सुटते, हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. इथे वाफेच्या जागी जळत्या इंधनाचा वायू होता. थंडीत रबर ताठरते, दाबाखाली सांधा किंचित उघडला की ते चटकन फुगून फट बुजवत नाही. जानेवारी १९८५ मधले एक उड्डाण सुमारे १२ अंश सेल्सियस तापमानात झाले, तेव्हा उतरवलेल्या अग्निबाणाच्या दोन कड्यांच्या मधे काळी काजळी सापडली होती. म्हणजे पहिली कडी ओलांडून वायू पुढे गेला होता. दोष शोधायला कंपनीने गट नेमला, पण त्याला माणसे मिळेनात, सामान मिळेना. ऑक्टोबर १९८५ मध्ये एबलिंगांनी वरिष्ठांना जो अहवाल धाडला, त्याचा पहिलाच शब्द होता : 'मदत!' कचेरीच्या कागदावर कुणी असा शब्द सहज लिहीत नाही.

२७ जानेवारीला फ्लोरिडात रात्री कडाक्याची थंडी पडणार असल्याचे कळताच एबलिंगांनी रॉजर बॉइसजॉली आणि इतर सहकाऱ्यांना जमवले. उड्डाणस्थळी असलेले आपले वरिष्ठ ॲलन मॅकडोनाल्ड यांना त्यांनी फोनवर चिंता कळवली. त्यातूनच रात्री नासाबरोबर दूरध्वनीवरची ती बैठक झाली. १२ अंशांखाली उडवू नका, असे अभियंत्यांचे म्हणणे कंपनीने प्रथम जसेच्या तसे मांडले. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. कंपनीने विचार करायला वेळ मागून घेतला, सुमारे अर्धा तास स्वतंत्र चर्चा केली, आणि चार व्यवस्थापकांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून निर्णय फिरवला. मॅकडोनाल्ड यांनी संमतीपत्रावर सही करायला नकार दिला. ती यूटातल्या एका वरिष्ठाने केली.

त्या रात्रीचा खरा अपराध आमच्या मते वेगळाच आहे. एरवी यान उडवण्याआधी ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करावे लागे. त्या रात्री अभियंत्यांना ते असुरक्षित असल्याचे सिद्ध करायला सांगितले गेले. इतक्या थंडीत कुणी कधी यान उडवलेच नव्हते, तर त्याचे आकडे आणायचे कुठून? ज्याच्यापाशी शंका होती त्याच्याच डोक्यावर पुराव्याचे ओझे ठेवले गेले, आणि पुरावा अपुरा म्हणून शंकाही निकालात काढली गेली.

एबलिंग घरी गेले आणि पत्नीला म्हणाले, यान फुटणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला गाडीत घेऊन कारखान्याकडे निघाले; वाटेत त्यांनी संतापाने गाडीच्या डॅशबोर्डवर मुठी आपटल्या. तिथल्या एका खोलीत पडद्यावर उड्डाण दाखवत होते. सांधा फुटला तर तो तळावरच फुटेल, अशी या अभियंत्यांची अटकळ होती. तसे झाले नाही. यान वर गेले. साठेक सेकंद झाले तेव्हा शेजारी बसलेल्या बॉइसजॉलींना एबलिंग म्हणाले, मी आत्ताच देवाचे आभार मानले. त्यानंतर तेरा सेकंदांनी पडद्यावर धुराचे दोन फाटे दिसले. हे तेरा सेकंद आम्हांला फार अस्वस्थ करतात. आपले म्हणणे खोटे ठरावे म्हणून देवाला हात जोडणारा जाणकार होता हा.

चौकशी आयोगापुढे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून दाखवला आणि सगळ्या जगाला कारण समजले. अभियंते बरोबर होते हे उघड झाले, पण एबलिंगांना त्याचा काडीचाही दिलासा मिळाला नाही. अपघातानंतर तीन आठवड्यांनी नाव न सांगण्याच्या अटीवर त्यांनी नॅशनल पब्लिक रेडिओच्या पत्रकाराशी बोलून सारे सांगितले. पुढे लवकरच नोकरी सोडली. नैराश्याने घेरले. मी आणखी पटवून द्यायला हवे होते, आकडे नीट मांडायला हवे होते, या कामासाठी देवाने माझी निवड करायला नको होती, हे त्यांच्या मनातून जाईना.

गावाजवळ बेअर नदीच्या मुखाशी स्थलांतरित पक्ष्यांचे मोठे आश्रयस्थान आहे. १९८३ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकचे खारे पाणी चढले आणि तिथले बांध, गवत, दलदली सगळे बुडाले. पाणी ओसरल्यावर एबलिंग तिथे स्वयंसेवक म्हणून राबू लागले. पुढे डार्लीनही आल्या. बांध पुन्हा उभे राहिले, हंस आणि पेलिकन परतले. या कामासाठी १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडून त्यांचा गौरव झाला. मोडलेले काहीतरी आपल्या हाताने पुन्हा उभे करण्याची त्यांना गरज होती, असे आम्हांला वाटते.

दरम्यान १ फेब्रुवारी २००३ आला. 'कोलंबिया' हे अवकाशयान परतताना विखुरले आणि कर्नालची कल्पना चावला आपण गमावली. तेव्हाही उड्डाणाच्या वेळी डाव्या पंखावर आदळलेल्या फेसाच्या तुकड्याबद्दल नासातल्याच अभियंत्यांनी चिंता कळवली होती, यानाची छायाचित्रे मागितली होती, आणि ती मागणी वर गेल्यावर मोडून काढली गेली. तेव्हाही धोका सिद्ध करण्याची जबाबदारी शंका घेणाऱ्यावरच टाकली होती. सतरा वर्षांत हे विसरले जाऊ शकते, तर मग १९८६ चे ते चौकशी अहवाल कुणासाठी लिहिले होते?

अपघाताला ३० वर्षे झाली तेव्हा, जानेवारी २०१६ मध्ये, ८९ वर्षांचे एबलिंग प्रथमच आपल्या नावानिशी बोलले. ते कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. अपराधाची भावना जशीच्या तशी होती. ती मुलाखत ऐकून शेकडो पत्रे आली. लेक ती त्यांना वाचून दाखवी. अभियंत्यांनी लिहिले, शिक्षकांनी कळवले की आम्ही वर्गात तुमचे उदाहरण देतो. तरी मन हलेना. मग मॅकडोनाल्ड बोलले. आणि त्या रात्री निर्णय फिरवण्यात सहभागी असलेले दोघे पुढे आले, थायोकोलचे रॉबर्ट लुंड आणि नासाचे जॉर्ज हार्डी. हा भार तुमचा नाही, असे त्यांनी कळवले. नासाकडूनही निवेदन आले की धाडसाने बोलणाऱ्या एबलिंगांसारख्यांचे ऐकायला हवे. तेव्हा कुठे या म्हाताऱ्याला थोडा विसावा मिळाला. आपल्या चिंतातुर मनाला आता हलके वाटते, असे त्यांनी पत्रे लिहिणाऱ्यांना कळवले.

घरच्या माणसांची माया ३० वर्षे होती, पण या दुखण्यावर ती पुरेशी नव्हती. 'तुमची चूक नव्हती' हे वाक्य चूक करणाऱ्यांच्याच तोंडून यावे लागते. लुंड आणि हार्डी यांनी ते अखेर उच्चारले, त्याबद्दल त्यांचे मोल मानायला हवे. अशा वयात अशी कबुली सोपी नसते. पण १९८६ मध्ये, अहवाल प्रसिद्ध झाला त्याच आठवड्यात, कंपनीतून किंवा नासातून कुणी ब्रिगहॅम सिटीतल्या त्या घराचे दार वाजवायला काय हरकत होती? मॅकडोनाल्ड यांना तर साक्षीनंतर खालच्या पदावर ढकलले गेले आणि अमेरिकी काँग्रेसच्या दटावणीनंतरच ते परत आले. बॉइसजॉलींनाही सहकाऱ्यांनी वाळीत टाकले होते. दार वाजवणार कोण?

२१ मार्च २०१६ रोजी एबलिंग गेले. अखेरच्या काही आठवड्यांत त्यांना शांती मिळाली याचे समाधान आहे. ती तीस वर्षे उशिरा मिळाली याचा राग मात्र आजही ओसरत नाही.