गाडीत घर बांधताय? आधी परिमाण ठरवा



गेल्या पंधरवड्यात स्वाध्याय संपल्यावर एकीनं मोबाइलवर एक नकाशा दाखवला. घरातली मुलं एक जुनी पॅनेल व्हॅन, म्हणजे मागे खिडक्या नसलेली बंद डब्याची मालगाडी, घेऊन तिची राहायची गाडी करणार आहेत. यात्रेसाठी. श्रवणबेळगोळ, कुंथलगिरी, मांगीतुंगी, सगळं आपल्याच गाडीतून. नकाशात काय नव्हतं? फ्रिज, एसी, टीव्ही, इंडक्शन शेगडी, छतापर्यंत कपाटं, शंभर लिटरची पाण्याची टाकी. सगळ्या जणी "किती छान गं" म्हणाल्या. मी गप्प बसले. तिथं बोलायला हवं होतं, ते आता लिहिते.

आधी एक स्पष्ट करते. मी या कल्पनेच्या विरोधात नाही. "श्राविकेनं असं गाडीत राहत फिरायचं का?" म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. आपल्यातल्या किती जणींची यात्रा फक्त जेवणापायी बंद झाली आहे ते मोजा. टूरची बस संध्याकाळी सातला हॉटेलपाशी थांबते, तोवर सूर्यास्त होऊन गेलेला असतो. "जैन थाळी" म्हणजे कांदा-लसूण नाही इतकंच. पाणी गाळलेलं आहे का, पीठ कधीचं आहे, हे विचारायची सोय नाही. स्वतःची चूल बरोबर असेल तर साठीनंतरही बाई निर्धास्त यात्रा करू शकते. म्हणून गाडी करा, आणि स्वतः करा. माझं भांडण आहे ते त्या नकाशाशी. तो परदेशी व्हिडिओ बघून काढलेला आहे, आणि त्यात आपलं एकही व्रत दिसत नाही.

मी कॉमर्स शिकलेली बाई. मला आधी जमाखर्च दिसतो. गाडीच्या कागदांवर एकूण वजनाची मर्यादा आणि रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं. या दोन आकड्यांतला फरक ही आपली जमा. समजा तो ८०० किलो आहे. आता नावे बाजू बघा. चार माणसं २६० किलो. शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो. १८ मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चारच्या प्लायवूडची एक शीट साधारण ३२ किलो. कपाटं-कॉटना दहा शीट लागल्या तर ३२०. इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या ११०. घरचा गॅस सिलिंडर भरलेला ३०. फ्रिज ४०, एसी ५०, गाद्या ४०. बेरीज ९५०. अजून एक पातेलंही ठेवलं नाही आणि खातं दीडशे किलोनं तुटीत. गाडीच्या बाबतीत ही तूट ब्रेकवर आणि टायरवर पडते. घाट उतरताना तिचा हिशोब द्यावा लागतो.

यालाच आपल्याकडे परिग्रह म्हणतात. आणि पाचवं अणुव्रत काय सांगतं? आधी मर्यादा ठरवा, मग वस्तू घ्या. मुलांनी वस्तू आधी ठरवल्या, मर्यादा बघितलीच नाही. आपण बायका रोज पर्वाला नियम घेणाऱ्या, आणि नकाशा बघून मान डोलावतो.

आता एकेक वस्तू आपल्या नियमांपुढे ठेवून बघू.

फ्रिज. आपण रात्रीचं शिळं सकाळी खात नाही. पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. ज्या घरात ताजं करून ताजं संपवायचं, त्या घराच्या गाडीत चाळीस किलोचा फ्रिज कशासाठी? डाळ, तांदूळ, भाजलेला रवा, सुकं खोबरं यावर यात्रा होते. आपल्या आज्या-पणज्यांनी बैलगाडीतून केली.

पाण्याची टाकी. बसवलेल्या बंद टाकीत हात घालून घासता येत नाही. आत शेवाळ धरलं तरी कळत नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, उकळलेल्याची चोवीस तास. मग चार दिवस टाकीत राहिलेलं पाणी नळातून आलं म्हणून शुद्ध कसं? रुंद तोंडाचे वीस लिटरचे तीन डबे ठेवा, रोज घासता येतील असे. पाणी भरतानाच गाळा, म्हणजे जिवाणी त्याच विहिरीत परत सोडता येते. वापरताना पुन्हा गाळा आणि प्यायचं उकळा.

एसी आणि इंडक्शन. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण सव्वा युनिट वीज मावते. एसी तासाला सुमारे एक युनिट खातो. दोन हजार वॅटची शेगडी तीच बॅटरी अर्ध्या तासात संपवते. याउलट, आपला स्वयंपाक सूर्यास्ताआधी उरकतो, त्यामुळे रात्री वीज लागते ती दोन छोटे पंखे, दोन दिवे आणि मोबाइल यांनाच. पंचवीस वॅटचे दोन पंखे आठ तास चालले तर ४०० वॅट-तास. बाकीचं धरून पाचशे. एक लिथियम बॅटरी, वजन साधारण बारा किलो, दोन रात्री सहज पुरते. रात्रिभोजनत्याग गाडीची वीजही वाचवतो, हे त्या व्हिडिओवाल्यांना कुठून माहीत असणार?

नवा हिशोब मांडा. माणसं २६०, पाणी ६०, १२ मिलिमीटरच्या चार शीट ८४, बॅटरी १२, पाच किलोचा सिलिंडर भरून साधारण १२, पातळ गाद्या २५. बेरीज ४५३. साडेतीनशे किलो शिल्लक. आपल्या व्रतांनी गाडी हलकी केली.

पत्र्याच्या आतल्या थराकडेही लक्ष द्या. परदेशात मेंढीची लोकर भरतात. ती आपल्याला नको. काचेच्या लोकरीत ओल शिरली की ती धरून ठेवते. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. ते थंड पत्र्यावर जमतं, त्यातून ओल, ओलीतून बुरशी. बुरशी म्हणजे अनंत जीव, मग ते पुसून काढायचं पाप वेगळं. म्हणून पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम लावा, आणि छताला हवा बाहेर टाकणारा पंखा बसवा. सुताराला विचारा, सरस वापरतोस का? तो जनावरापासून होतो. सीटला चामडं नको.

आता "स्वतः करा" या शब्दाची मर्यादा. फळ्या, गाद्या, पडदे, फोम, डबे हे सगळं घरी होतं. पण तीन कामं घरी करायची नाहीत.

पहिलं, गॅस. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो तळाशी साचतो, वरची खिडकी उघडून जात नाही. सिलिंडरची पेटी आतून बंद आणि तळाला बाहेर भोक असलेली हवी, जोडणी जाणकाराकडून हवी. शेगडी मागचा दरवाजा उघडून मोकळ्या हवेतच पेटवा. बंद गाडीत जळणातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुसरं, बसायच्या जागा आणि पत्रा कापणं. वेल्डिंग करून बसवलेल्या सीटचा पट्टा अपघातात उपटून येऊ शकतो. आणि चालत्या गाडीत कुणीही कॉटवर झोपायचं नाही, आजीसुद्धा नाही.

तिसरं, कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. राहायच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. म्हणून गाडी घेण्याआधी आरटीओत जा, नंतर नाही. एका गॅरेजवाल्यानं आमच्या ओळखीतल्यांना सांगितलं, "काही होत नाही, सगळेच करतात." अपघात झाल्यावर विमा नाकारला गेला तर हा माणूस पैसे भरायला येणार आहे का? आणि मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीत माणसं बसवून तीर्थाला जायचं, म्हणजे दर्शनाच्या वाटेवरच असत्य. सत्य हे दुसरं अणुव्रत आहे, ते चाकांवर बसलं म्हणून सुटत नाही.

कुणी म्हणेल, गाडी चालवणं हाच आरंभ, त्यात कसली अहिंसा? खरं आहे. म्हणून रात्री गाडी हाकायची नाही. दिव्यावर येणारे किडे काचेवर किती चिरडतात ते सकाळी काच पुसणाऱ्याला विचारा. वर्षातले किती दिवस आणि किती लांब, याचा नियम आधी घ्या. प्रमादातून हिंसा होते, आणि घाईत बनवलेली गाडी म्हणजे प्रमादच.

माझं शेवटचं म्हणणं तुम्हालाच आहे, मुलांना नाही. त्या गाडीत कणीक कोण मळणार? पाणी कोण गाळणार? सकाळी डबे कोण घासणार? मग पेन्सिल त्यांच्या हातात का? चातुर्मासात प्रवास कमीच असतो. चार महिने आहेत. एक वही घ्या, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे लिहा, आणि प्रत्येक वस्तूपुढे किलो आणि कारण लिहा. कारण सुचलं नाही तर वस्तू खोडा. मग मुलांना सांगा, आता करवत घ्या.

लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मुद्दा मात्र मागे घेत नाही.