निकालाआधीची शिक्षा

स्मरणिकेत पहिला मान आठवणींचा असतो, म्हणून आम्हीही एका आठवणीपासूनच आरंभ करतो. पहाटेची वंदना आटोपली की पटांगणात ओळीने उभे राहून आम्ही संविधानाची उद्देशिका म्हणत असू. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द तेव्हा तोंडपाठ होता. त्याचे मोल पुढे आयुष्यात कळले. आज आमच्यापैकी कोणी वकील आहेत, कोणी शिक्षक, कोणी शासकीय सेवेत. काही जण पालक म्हणून पुन्हा याच फाटकातून आत येतात. अलीकडे भेटीगाठींत एक वाक्य वारंवार कानी पडते : “पोरगं शिकतंय, त्याला नोकरी लागू द्या, सभा-मोर्चांच्या भानगडीत नको.” या वाक्यात भ्याडपणापेक्षा काळजी अधिक आहे. या काळजीचे मूळ काय, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

१५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत एक नवे कलम मांडले. आज आपण त्यास अनुच्छेद २२ म्हणून ओळखतो. अटक झालेल्यास अटकेचे कारण सांगितले पाहिजे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, ही त्यातील हमी होय. तथापि, त्याच अनुच्छेदात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा अपवादही आहे. नवजात राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी तो आवश्यक ठरू शकतो, हे बाबासाहेबांनी मान्य केले होते. महावीर त्यागी यांच्यासारख्या सदस्यांनी त्यास कडाडून विरोध केला. ही गोष्ट आपण लपवू नये. पण बाबासाहेबांनी या अपवादालाही मुदतीचे आणि सल्लागार मंडळाचे कुंपण घातले होते, हेही विसरू नये.

पुढील पाऊणशे वर्षांत हे कुंपण मागे सरकत गेले. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा १९६९ अखेर संपला. १९७१ मध्ये ‘मिसा’ आला. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बेकायदेशीर अटकेविरुद्ध दाद मागण्याचे नागरिकाचे दारच बंद केले. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. तो निर्णय चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. मधल्या काळात एक्केचाळीस वर्षे लोटली होती. ‘टाडा’ आणि ‘पोटा’ या कायद्यांना निदान मुदत होती. ते गेले, पण त्यांतील अनेक तरतुदी १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे ‘यूएपीए’मध्ये, दुरुस्त्यांच्या वाटेने येऊन बसल्या. या कायद्याला मुदत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यातील २००८ ची मोठी दुरुस्ती मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर झाली. त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहणारी सामान्य माणसे मारली गेली. त्यांच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्यच होय. दहशतवादाविरुद्ध कठोर कायदा असावा, याबद्दल आमचा वाद नाही. त्या कायद्याखाली निर्दोष माणूस सापडला तर तो किती दिवसांत बाहेर येईल, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. सामान्य गुन्ह्यात आरोपपत्रासाठी साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत असते. येथे ती १८० दिवसांपर्यंत वाढविता येते. पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, तर न्यायालयास जामीन देता येत नाही. त्या टप्प्यावर पुराव्याची खोलवर छाननी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. २०२१ मध्ये त्याच न्यायालयापुढे केरळमधील एक प्रकरण आले. आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि २७६ साक्षीदार तपासावयाचे बाकी होते. खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल, तर जीविताच्या मूलभूत हक्काखातर जामीन देता येतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. मात्र तेथवर पोहोचण्यात आयुष्याची पाच वर्षे गेली होती. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सहाही आरोपींना निर्दोष ठरविले. त्यांपैकी काहींच्या डोक्यावर फाशीची शिक्षा होती.

आपल्या समाजाला भीमा-कोरेगावच्या प्रकरणाने हे अधिक जवळून दाखविले. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना अटक झाली ती १४ एप्रिल २०२० रोजी, जयंतीच्या दिवशी. दहशतवादी कृत्याचा सकृद्दर्शनी पुरावा दिसत नाही, असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला आणि ते तुरुंगाबाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी. त्याच प्रकरणातील ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी विचाराधीन कैदी म्हणूनच मृत्यू पावले. आरोप खरे की खोटे, हे न्यायालय ठरवील. पण ते ठरण्याआधीच जी शिक्षा भोगावी लागली, ती कोणत्या निकालाने दिली?

विनयपिटकात वाद मिटविण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांतील पहिला ‘सम्मुखाविनय’ : ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो समोर असताना, संघासमक्ष, धम्म आणि विनय यांना अनुसरून निर्णय व्हावा. आरोप्याचे म्हणणे ऐकल्याविना दोष ठेवणे आपल्या परंपरेला मान्य नाही. अनुच्छेद २२ मधील हमी आम्हांस याच संस्काराची वाटते.

महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. संघटना बेकायदेशीर ठरविण्याचे अधिकार ते शासनास देते. नक्षलवादास आळा घालणे हा त्याचा घोषित हेतू आहे. हेतूवर शंका न घेताही आम्ही म्हणू, की कायदा शासनाच्या हेतूवर चालत नाही, शब्दांवर चालतो. आणि शासने बदलतात, शब्द राहतात. म्हणून अशा प्रत्येक कायद्याला मुदत असावी, त्याच्या वापराचा हिशेब सभागृहापुढे यावा, खटला ठरावीक काळात संपावा आणि वर्षानुवर्षे कोंडून शेवटी निर्दोष सुटलेल्यास भरपाई मिळावी, एवढी आमची मागणी आहे.

आणि काही काम आपलेही आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीतील प्रत्येकास मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. किती घरांना हे ठाऊक आहे? आमच्यातील वकील माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक रविवार वस्तीसाठी द्यावा. शिक्षकांनी उद्देशिकेबरोबर अनुच्छेद २२ ही शिकवावा. ज्या मुलाला आपला हक्क ठाऊक आहे, त्याला सभेला जाण्यापासून अडविण्याची पाळी पालकांवर येणार नाही. पटांगणात म्हटलेला तो शब्द मग केवळ पाठांतर राहणार नाही.

जय भीम!