प्रौढ विद्यार्थ्याने राहावे कोठे?

शिक्षण अर्धवट सोडून गेलेल्यांसाठी उच्च शिक्षणाचे दार पुन्हा उघडण्यात आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी अभ्यासक्रमातून मध्येच बाहेर पडण्याची आणि पुढे सोयीने परत येण्याची मुभा दिली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशा पायऱ्या बांधण्यात आल्या. २०२१ मध्ये श्रेयांकांची पेढी अस्तित्वात आली आणि एकदा मिळविलेले श्रेयांक कमाल सात वर्षे ग्राह्य धरण्याचे ठरले. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी घरच्या अडचणीमुळे महाविद्यालय सोडणारा तरुण सव्विसाव्या वर्षी, ज्या पायरीवर थांबला तेथूनच पुढे चढू शकेल. धोरण म्हणून ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु परत आलेल्या या विद्यार्थ्याने राहावे कोठे, हा प्रश्न मात्र या सर्व रचनेत अनुत्तरितच राहिला आहे.

आपल्या वसतिगृहांचे नियम एक विशिष्ट विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. तो अठरा-वीस वर्षांचा आहे, अविवाहित आहे, त्याच्या अर्जावर पालकाची सही आहे आणि उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या नावाचा आहे. कित्येक ठिकाणी वयोमर्यादा असते, कित्येक ठिकाणी शिक्षणात खंड नसावा अशी अट असते. ज्याच्या आयुष्यात खंड पडला त्याच्यासाठीच श्रेयांकांची पेढी निघाली, आणि खंड पडला म्हणूनच त्याला खोली नाकारली जाते! एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार कोणी हेतुपुरस्सर केलेला नाही. नियम जुने राहिले आणि धोरण पुढे गेले, इतकेच घडले आहे. परिणाम मात्र तोच होतो.

ही विसंगती आकडेवारीतही लपलेली आहे. उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणी प्रमाण काढताना कोणत्याही वयाच्या एकूण विद्यार्थ्यांना १८ ते २३ या वयोगटाच्या लोकसंख्येने भागतात. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीत हे प्रमाण २८.४ टक्के होते, आणि २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. तीस वर्षांचा विद्यार्थी या भागाकारात अंशस्थानी मोजला जातो, छेदात त्याला स्थान नाही. सरकारच्या उद्दिष्टपूर्तीस तो हातभार लावतो. वसतिगृहाची क्षमता ठरविताना मात्र त्याचा विचार होत नाही.

शुल्क माफ केले म्हणजे शिक्षण मोफत झाले, असा समज आपल्याकडे दृढ आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णपणे माफ केले. निर्णय चांगलाच आहे. पण प्रौढ विद्यार्थ्याच्या खर्चात शुल्काचा वाटा बहुधा सर्वांत लहान असतो. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात, म्हणजे शिकण्यासाठी ज्या मिळकतीवर पाणी सोडावे लागते ती, हा त्याचा खरा खर्च होय.

उदाहरणच घ्यावयाचे तर, समजा बत्तीस वर्षांची एक विवाहिता तालुक्याच्या गावी दरमहा बारा हजारांवर नोकरी करते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहून दोन वर्षांचा बी.एड. अभ्यासक्रम पुरा करू इच्छिते. शुल्क सर्वस्वी माफ झाले असे धरले, तरी दोन वर्षांचे २ लाख ८८ हजार रुपये वेतन ती गमावते. शहरातील खोली आणि जेवण यांचे दरमहा सात हजार धरले, तर वीस महिन्यांचे १ लाख ४० हजार होतात. गावाकडचा संसार या काळात बंद ठेवता येत नाही. त्याचा खर्च चालूच राहतो. लहान मूल असेल तर त्याला कोठे ठेवावे, हा आणखी एक प्रश्न. यांपैकी बुडालेले वेतन तिला कोणी भरून देणार नाही. शुल्क माफ झालेलेच आहे. बाहेरून हात देऊन कमी करता येण्याजोगा खर्च उरतो तो निवासाचा, आणि नेमके तेथेच कोणाचे लक्ष नाही.

वसतिगृहाऐवजी रोख साह्य देण्याचा मार्ग राज्याने यापूर्वी अवलंबिला आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तीत वर्षाला ६० हजार रुपये ठरविण्यात आले. त्यांपैकी निवासासाठी २० हजार. बारा महिन्यांनी भागले तर महिन्याला सतराशेही पडत नाहीत. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या कोणालाही ही रक्कम किती पुरेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तत्त्व योग्य असूनही रक्कम भाडेवाढीशी बांधलेली नसली, तर योजना कागदावर तशीच राहते आणि तिचे मोल दरवर्षी घटत जाते, याचे हे ठळक उदाहरण होय.

करव्यवस्थेतही हीच दृष्टी आढळते. वस्तू व सेवा कर परिषदेने जून २०२४ मध्ये शिक्षणसंस्थांबाहेरील वसतिगृहांना दिलासा दिला: दरडोई मासिक भाडे २० हजारांपर्यंत असावे आणि मुक्काम सलग ९० दिवसांचा असावा, म्हणजे कर नाही. पूर्ण वेळ शिकणाऱ्या तरुणाला ही अट जाचक नाही. परंतु नोकरी सांभाळून आठवड्याच्या अखेरीस किंवा संपर्कसत्रापुरता पंधरा दिवस शहरात येणारा चाळिशीचा विद्यार्थी सलग ९० दिवस कसा राहणार? सवलत आहे; पण तिच्या मापात तो बसत नाही.

या प्रश्नाची निकड लवकरच वाढणार आहे. अग्निपथ योजनेतील सैन्याच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. चार वर्षांचा हिशोब २०२७ च्या आरंभी पुरा होतो, आणि योजनेनुसार जास्तीत जास्त एक चतुर्थांश जवानांनाच पुढे कायम केले जावयाचे आहे. उरलेल्यांपैकी ज्यांना शिकावेसे वाटेल ते बावीस ते सत्तावीस या वयात महाविद्यालयाच्या दाराशी येतील. त्यांना पालकाची सही आणावयास सांगणे हास्यास्पद ठरेल.

असाच प्रसंग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेवर आला होता. १९४४ च्या कायद्याने परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च आणि निर्वाहभत्ता देऊ केला, तेव्हा नामवंत विद्यापीठांच्या काही प्रमुखांनी नाके मुरडली. प्रत्यक्षात सुमारे २२ लाख सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. १९४७ मध्ये तर एकूण प्रवेशांपैकी जवळजवळ निम्मे त्यांचेच होते. त्यांपैकी कित्येक विवाहित, मुलाबाळांचे होते. सरकारने लष्कराच्या शिलकी बराकी आणि फिरती घरे विद्यापीठांच्या आवारात आणून उभी केली, आणि विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहती प्रथमच सर्रास दिसू लागल्या. दक्षिणेतील कृष्णवर्णीय सैनिकांना या लाभांपासून मोठ्या प्रमाणावर वंचित ठेवण्यात आले, हा त्या योजनेवरील डाग विसरता येत नाही. पण निवासाची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे, हे तेथील सरकारने ओळखले होते.

ही जाण महाराष्ट्राला परकी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात काढलेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात उघडलेले वसतिगृह यांनी खेड्यांतील मुलांना शाळेपर्यंत आणले. प्रौढांची परंपरा तर त्याहूनही जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. तेथे शिकलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे पुढील काळातील बाया कर्वे. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला. त्या आश्रमाला आपल्या काळाच्या जातीय मर्यादा होत्या. परंतु शिकावयाचे वय उलटून गेले असे समाजाने ठरविलेल्या स्त्रीला पुस्तकाआधी छप्पर द्यावे लागते, हे कर्व्यांना कळले होते. १९५८ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले, त्यामागेही शिक्षण तुटलेल्या स्त्रीला पुन्हा शिकते करण्याचाच विचार होता.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. तरुण विद्यार्थ्यांनाच खाटा पुरत नाहीत, तेथे प्रौढांसाठी कोठून आणावयाच्या? पण प्रौढांची मागणी तरुणांच्या मागणीहून वेगळ्या स्वरूपाची आहे. त्यांतील बहुतेकांना वर्षभराची खोली नको असते. शनिवार-रविवार, संपर्कसत्र आणि परीक्षा एवढ्यापुरता आसरा हवा असतो. वीस खाटांचा एक दालनवजा कक्ष अशा प्रकारे आळीपाळीने शंभर जणांच्या उपयोगी पडू शकतो. दीर्घ सुटीत रिकामी पडणारी वसतिगृहे या कामी वापरता येतील. पूर्ण वेळ शिकणाऱ्या विवाहितांसाठी मोजक्या कौटुंबिक खोल्या लागतील. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विवाहित विद्यार्थ्यांसाठी महानदी वसतिगृह आहे. तेव्हा ही कल्पना या देशात अव्यवहार्य म्हणता येणार नाही. प्रौढांवर केलेला खर्च फार काळ फळ देत नाही, हा युक्तिवादही टिकत नाही. बत्तिसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्यापुढे अठ्ठावन्नपर्यंत सव्वीस वर्षांचे कार्यजीवन असते.

यांतील पहिल्या पायरीस पैसा लागतच नाही. विद्यापीठांनी आपल्या वसतिगृह-नियमांतील वयाची आणि खंडाची अट काढून टाकावी, आणि पंचविशीपुढील अर्जदाराचे स्वतःचे उत्पन्न ग्राह्य धरावे. दुसरी पायरी अल्पमुदतीच्या खाटांची, तिसरी पाळणाघरासह कौटुंबिक खोल्यांची. आणि जेथे इमारत शक्य नाही तेथे भाडेवाढीशी जोडलेला, सत्राच्या आरंभीच हाती पडणारा निवासभत्ता. येत्या वर्षाची माहितीपत्रके छापण्यापूर्वी निदान पहिली पायरी तरी ओलांडली जावी. अन्यथा श्रेयांक पेढीत सुरक्षित राहतील, आणि ते ज्याच्या नावावर जमा आहेत तो विद्यार्थी एस.टी. स्टँडवरूनच माघारी जाईल.