तोंड आलंय, पण किती दिवस?

आपल्या घरांत आजीचे तोंड आले की निदान आधीच ठरलेले असते : उष्णता. मग गुलकंद, धने-जिऱ्याचे पाणी, फार तर दुकानातून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. आठवड्यात बरे वाटले तर आमची काहीच तक्रार नाही. पण तोच व्रण महिनाभर राहतो आणि तरीही घरात 'उष्णता'च चालू असते, याला आमचा आक्षेप आहे.

तोंडातला साधा फोड १० ते १४ दिवसांत भरून येतो. दोन आठवड्यांनंतरही तो त्याच जागी असेल तर दंतवैद्याला दाखवायलाच हवा.

उतारवयात कारणे अनेक. सैल कवळी हिरडीवर घासते, तुटक्या दाढेची कड जिभेला लागते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना बी-१२ कमी पडू शकते. मग जीभ लाल, गुळगुळीत होऊन आग होते. संधिवातावरची मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलून निघते, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवीच सोबत न्यावी. (हे काम नातवंडांकडे द्यावे, आजोबा निम्म्या गोळ्या सांगतच नाहीत!)

खरी भीती कर्करोगाची. आपल्या बेळगाव भागात मशेरी लावणाऱ्या आज्या अजूनही आहेत, आणि सुपारीला तर कोणी व्यसन म्हणतच नाही. तंबाखूशिवाय नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले आहे. असा व्रण सुरुवातीला बहुधा दुखत नाही. त्यामुळे "दुखत नाही ना, मग असू दे" हे आमच्या मते घराघरांतले सर्वांत घातक वाक्य. "तुकडा काढला की रोग पसरतो" हा समजही निराधार आहे. उलट, तुकडा तपासल्याशिवाय पक्के निदान होत नाही आणि उपचार अडून राहतात.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे : शाळेत मुलांची दंततपासणी ठेवाल त्या दिवशी आजी-आजोबांनाही बोलवावे. डॉक्टर तेच, बॅटरी तीच. पडदा लावलेली एक खोली मात्र वेगळी द्यावी. चारचौघांत कवळी काढायला कोणत्याही आजीला आवडणार नाही.