वैमानिकाचा ‘नाही’ ऐका!

११ जुलै २०२३. बंगळुरूच्या एचएएल विमानतळावरून प्रीमियर १ए हे छोटं खासगी जेट देवनहळ्ळीच्या केंपेगौडा विमानतळाकडे निघालं. अंतर म्हणाल तर शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं. पण उड्डाणानंतर पुढच्या चाकाने दगा दिला. वैमानिकांनी विमान माघारी वळवलं आणि पुढचं चाक बाहेर नसतानाच, नाक धावपट्टीवर घासत ते उतरवलं. आत वैमानिक दोघेच, दोघेही सुखरूप. चित्रफीत मोबाइलवर फिरली, वाहवा झाली, विषय संपला.

तो संपायला नको होता. मे २००८ मध्ये नियमित प्रवासी वाहतूक देवनहळ्ळीला गेली, तरी एचएएलवर खासगी आणि भाड्याची छोटी विमानं येतच राहिली. भोवती वस्ती तर गच्च झाली आहे. याच धावपट्टीच्या अलीकडे १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० कोसळून १४६ पैकी ९२ जण गेले, तेही उतरतानाच.

एचएएलच्या घटनेला दोन महिने होतात न होतात तोच, १४ सप्टेंबर २०२३ रोजी, विशाखापट्टणमहून मुंबईला आलेलं लिअरजेट ४५ मुसळधार पावसात धावपट्टीवरून घसरून मोडलं. दृश्यता ७०० मीटर. आतले आठही जण वाचले.

मुंबईत कुणी वैमानिकाला घाई केली, असा आरोप इथे नाही. प्रश्न पुढचा आहे. वेग, उंची आणि दिशा खराब हवेत १००० फुटांवर, स्वच्छ हवेत ५०० फुटांवर जुळलेली नसेल, तर उतरू नये, ‘गो अराउंड’ करावं, म्हणजे विमान पुन्हा वर न्यावं, ही जगभर मान्य झालेली शिस्त. ती पाळताना मोठ्या विमान कंपनीच्या वैमानिकामागे अख्खी यंत्रणा उभी असते. भाड्याच्या जेटमध्ये मात्र पैसे मोजणारा साहेब वैमानिकाच्या पाठीमागेच, हाताच्या अंतरावर बसलेला असतो.

२९ मार्च २००१ रोजी अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेनला हेच भोवलं. विमान भाड्याने घेणाऱ्याला दुसऱ्या विमानतळावर जायचं नव्हतं. अंधार, बर्फ; धावपट्टी नीट दिसत नसताना गल्फस्ट्रीम जेट किमान उंचीच्या खाली आलं. १८ जण ठार. चूक वैमानिकांचीच ठरली, पण ग्राहकाच्या दबावाचीही तपास यंत्रणेने नोंद घेतली.

म्हणून मागणी साधी आहे. ‘उतरायचं की नाही, हे वैमानिक ठरवेल, विमान दुसरीकडे नेल्याचा भुर्दंड किंवा जाब त्याच्या माथी येणार नाही,’ हे कलम प्रत्येक भाडेकरारात सक्तीचं करा. हवाई वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएने ते तपासावं, आणि ज्या कंपनीच्या करारात ते नसेल तिचं विमान उडू देऊ नये.

आणि बंगळुरूचे उद्योजक, कारखानदार, निवडणुकीत एका दिवसात तीन-तीन सभा उरकणारे पुढारी यांना एक विनंती: पुढचं विमान भाड्याने घेण्याआधी हे कलम स्वतः मागून घ्या, आणि वैमानिक ‘आज नको’ म्हणाला, तर गाडीने जा.